वडिलांचे जुने मराठी कॉमिक्स स्कॅन केलेत, लॅपटॉप आणि टॅबवर वाचायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

वडील रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला बरीच वर्षं नोकरी झाली. तिथल्या स्टेशनवरच्या बुक स्टॉलवरून दर पगाराला चांदोबा आणि इंद्रजालचे मराठी अंक आणायचे, आम्हा भावंडांसाठी म्हणून आणायचे पण घरी येईपर्यंत त्यांचं स्वतःचं वाचून झालेलं असायचं. प्रत्येक अंकाच्या आतल्या पानावर बॉलपेननं तारीख आणि "पूर्णा" असं लिहिलेलं आहे. हे सगळे अंक गावाकडं पत्र्याच्या पेटीत होते, मागच्या पावसाळ्यात माळवद गळलं आणि तळातले पंधरा-वीस अंक गेले, पानं एकमेकांला चिकटून अक्षरशः वड्या झाल्या. वडील काही बोलले नाहीत, नुसते वड्या हातात घेऊन बसले होते. तेव्हाच ठरवलं की उरलेले सगळे स्कॅन करायचे.

आता २१० अंक झालेत. १४० मी घरी फ्लॅटबेड स्कॅनरवर केले, अंक उघडा करून काचेवर ठेवायचा म्हणजे एका फोटोत दोन पानं येतात, जेपीजी फाईल आहेत, एका अंकाचं एक फोल्डर. उरलेले ७० वेळ मिळेना म्हणून गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतले, त्यानं एका अंकाची एक पीडीएफ दिली.

अडचण अशी की वाचता येत नाहीयेत. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. फोटो बघायच्या अ‍ॅपमध्ये एकेक पान उघडायला वेळ लागायलाय. टॅबमध्ये (१० इंची, अँड्रॉइड) टाकलं तर गॅलरीत सगळ्या अंकांची पानं एकत्र झाली, आणि दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये टाकलं तर पान १ नंतर एकदम १०, मग ११, मग २ कुठंतरी मागं. वेताळ गुहेत शिरायच्या आधीच बाहेर येऊन घोड्यावर बसलेला दिसायलाय.

वाचणार दोघं. वडील ७४ वर्षांचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फुग्यातली अक्षरं भिंग धरून वाचतात. आणि मुलगी सहावीला, तिला टॅबवर पाहिजे. चारदोनशे रुपये लागले तरी चालतील पण इंटरनेटवर चालणारं नको, गावाकडं नेट कधी असतं कधी नसतं. कुणी हे केलंय का आधी?

लातूरची_वाचक

दादा, आधी मनापासून सांगते, २१० अंक स्कॅन करणं म्हणजे लई मोठं काम केलंत तुम्ही. आता सॉफ्टवेअरचं नंतर बघू, तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, फाईलच्या नावांची आहे.

तुमच्या फाईलींची नावं १, २, ३ ... १०, ११ अशी असणार. माणसाला १० म्हणजे दहा, पण बरीच अ‍ॅप नाव अक्षर अक्षर करून लावतात, त्यांच्या हिशेबानं "१०" हे "२" च्या आधी येतं कारण पहिलं अक्षर १ आहे. लॅपटॉपवर फोल्डर उघडलं की विंडोज आपणहून बरोबर क्रम लावून दाखवतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि टॅबवर गेलं की गोंधळ. उपाय एकच, सगळीकडं तीन आकडी नाव द्यायचं, ००१, ००२, ००३. मग कोणतंही अ‍ॅप असू द्या, क्रम हलत नाही.

हे हातानं करू नका, वेड लागंल. इरफानव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडून बी दाबलं की एकदम पुष्कळ फाईलींवर काम करायची खिडकी येते, तिथं रिनेम निवडा आणि नावाच्या जागी तीन वेळा हॅशचं चिन्ह (###) टाका, ते आपोआप ००१ पासून नंबर देतं. फक्त आधी डाव्या-उजव्या यादीत क्रम बरोबर लागलाय का ते बघून घ्या नाहीतर चुकीचाच क्रम पक्का होईल. आणि हे आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच असू द्या, देवनागरी नको. मी हौसेनं पानांना मराठी नावं दिली होती, एका जुन्या लॅपटॉपवर झिप करताना एरर यायला लागला आणि परत सगळं बदलावं लागलं. बाहेरच्या अंकाच्या फाईलला मराठी नाव ठेवलं तर मला आजवर त्रास झालेला नाही, पण आतल्या पानांना नको.

दुसरं म्हणजे फोल्डर तसंच ठेवू नका, एका अंकाची एक सीबीझेड फाईल करा. सीबीझेड म्हणजे काही वेगळं नसतं हो, साधी झिप फाईल असते, आत नुसती पानांची चित्रं. फोल्डरमधली सगळी पानं सिलेक्ट करायची, राइट क्लिक करून झिप करायचं, आणि मग शेवटचं .झिप (.zip) काढून .सीबीझेड (इंग्रजीत .cbz) लिहायचं. शेवटचे शब्द दिसत नसतील तर फोल्डरच्या व्ह्यू मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, नाहीतर अंक.सीबीझेड.झिप असं होतं आणि उघडत नाही म्हणून माणूस बसतो डोकं धरून. झिप करायला सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर कॉम्प्रेशन लेव्हल "स्टोअर" ठेवा, जेपीजी आधीच दाबलेली असते, परत दाबून जागा वाचत नाही, नुसता वेळ जातो.

एकदा सीबीझेड झाली की गॅलरीत पानं सांडायचं बंद होतं, कारण गॅलरीला ती फोटोची फाईल वाटतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं करायच्या आधी मूळ स्कॅन वेगळ्या हार्ड डिस्कवर एक कॉपी करून कपाटात ठेवा. एकुलत्या एक कॉपीवर रिनेम करू नका, हात जोडून सांगते.

संभाजीनगर_रिपेअरवाला

ताईंनी पाया बरोबर सांगितला. मी सॉफ्टवेअरचं सांगतो, दिवसभर जुने लॅपटॉपच हाताळायलोय त्यामुळं ४ जीबी रॅमवर काय चालतं ते माहिती आहे.

वडिलांसाठी यॅकरीडर टाका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडं चालतं. इन्स्टॉल केलं की दोन प्रोग्राम येतात, एक नुसता वाचायचा आणि एक लायब्ररीचा. लायब्ररी उघडायची, नवीन लायब्ररी तयार करा म्हणायचं, ज्या फोल्डरमध्ये सगळ्या सीबीझेड आहेत ते दाखवायचं आणि चहा घेऊन यायचं. परत येईपर्यंत सगळ्या अंकांची कव्हरं कपाटात लावल्यासारखी समोर येतात. तुमच्या फाईलींना ते हात लावत नाही, त्याच फोल्डरमध्ये स्वतःचं एक छोटं फोल्डर बनवून कव्हरचे फोटो आणि कुठवर वाचलं ते तिथं ठेवतं, ते फोल्डर कचरा समजून डिलीट करू नका. नवीन अंक टाकले की लायब्ररी अपडेट करायची, आपोआप दिसले नाही म्हणून घाबरायचं नाही.

आता तुम्ही भिंगाचं लिहिलं म्हणून मुद्दाम सांगतो. यॅकरीडरमध्ये अंक उघडला आणि झेड दाबला की माऊसच्या जागी भिंगच येतं. पान आहे तसंच राहतं आणि माऊस जिथं नेईल तेवढा चौकोन मोठा होतो. वडील आयुष्यभर भिंग धरून वाचलेत तर त्यांना हे शिकवावं लागणार नाही, नुसतं दाखवावं लागंल. पूर्ण पान झूम केलं की कोणता फुगा आधी आणि कोणता नंतर हे हरवतं, भिंगात ते होत नाही. माझ्या आईला मी हेच लावून दिलंय. दोन पानं शेजारी शेजारी पाहिजे असतील तर डी दाबा. आणि सेटिंगमध्ये ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा आहे, पिवळ्या पडलेल्या पानांना कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की अक्षर उठून दिसतं, मूळ फाईल बदलत नाही.

७० पीडीएफला सध्या काही करू नका. सुमात्रा पीडीएफ टाका, एकदम हलकं आहे, पीडीएफ पण उघडतं आणि सीबीझेड पण, इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून पण चालतं. व्ह्यू मध्ये बुक व्ह्यू आहे, त्यात कव्हर एकटं आणि पुढं दोन दोन पानं दिसतात, खऱ्या अंकासारखं.

कॉमिकरॅकचं नाव कुणीतरी सांगंलच. चांगलं होतं, मूळ करणाऱ्यानं सोडून दिलं, आता लोकांनी कम्युनिटी एडिशन चालू ठेवलंय, पण दोन माणसांच्या घरासाठी एवढं अवजड कशाला.

बीडचा_पाटोदेकर

मी फक्त सुमात्रावर भागवतो, पाच वर्षं झाली, दुसरं काही लागलं नाही. पण माझे अंक चाळीसच आहेत, २१० ला कव्हरं दिसणारं पाहिजेच.

नांदेड_सर्व्हरप्रेमी

सगळे एकेका मशीनवर टाकायचं सांगायलेत, मी वेगळं सुचवतो. घरी जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यावर कविता टाका. हो, सॉफ्टवेअरचं नावच कविता आहे. तसंच दुसरं कोमगा आहे. हे दोन्ही घरातले छोटे सर्व्हर आहेत, सगळे अंक एकाच ठिकाणी ठेवायचे आणि लॅपटॉप, टॅब, मोबाईल, टीव्हीच्या ब्राउझरमधून वाचायचे, वडिलांचं खातं वेगळं, मुलीचं वेगळं, कोण कुठल्या पानावर थांबलं ते दोघांचं वेगवेगळं लक्षात राहतं. इंटरनेट लागत नाही, घरातला वायफाय राउटर चालू असला म्हणजे झालं, नेट गेलेलं असलं तरी.

कवितामध्ये एक गोष्ट पाळावी लागते, मुख्य फोल्डरमध्ये सरळ फाईली टाकल्या तर त्या दिसत नाहीत, प्रत्येक मालिकेचं वेगळं फोल्डर आत पाहिजे. चांदोबाचं एक, इंद्रजालचं एक, आणि फाईलच्या नावात मालिकेचं नाव आणि अंकाचा नंबर. मी पहिल्या दिवशी सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकून तीन तास शोधत बसलो होतो की लायब्ररी रिकामी कशी. राउटरमध्ये जाऊन त्या डेस्कटॉपचा आयपी पत्ता (घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर) कायमचा बांधून घ्या, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि टॅबवर उघडत नाही.

लातूरची_वाचक

नांदेडचे भाऊ, तुमचं खोटं नाही पण मला पटत नाही. वाचणारे दोघं, त्यातले एक ७४ वर्षांचे आणि अर्धा वेळ गावाकडं. तिथं सर्व्हर कुठून न्यायचा? डेस्कटॉप चालू ठेवायचा, त्याला यूपीएस पाहिजे, लाईट गेली की परत सुरू झालंय का कोण बघणार. मे महिन्यात आमच्याकडं दुपारी लाईट गेली की चार-चार तास येत नाही, आणि म्हातारी माणसं वाचतात ती दुपारीच. टॅब चार्ज करून ठेवला की त्यात सगळं आहे, कुणाची वाट बघायची गरज नाही.

हिशेब करून बघा. एक अंक ३२ पानांचा धरा, एक पान साधारण १ एमबी, म्हणजे ३२ एमबीचा अंक. २१० अंकांचे साडेसहा-सात जीबी. १६ जीबीचं मेमरी कार्ड सुद्धा भरत नाही. सगळेच्या सगळे टॅबवर मावतात.

नांदेड_सर्व्हरप्रेमी

गावाकडचं माझ्या लक्षात नव्हतं आलं ताई, मग टॅबच बरा. पण पुढं अंक वाढले आणि भावंडांच्या घरी पण पाहिजे झाले तर कविताचा विचार करा एवढंच.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ स्कॅनची कॉपी आधी केली, रात्रभर चालली. रिनेमचं पण जमलं. दोन शंका आहेत. एक, माझ्या एका फोटोत दोन पानं आहेत, टॅब उभा धरला की अक्षर मुंगीएवढं दिसायलंय, पानं वेगळी कशी करू? दुसरं, इंद्रजालच्या जुन्या अंकांवर सलग नंबर आहेत आणि नंतरच्या अंकांवर खंड आणि अंक असं वेगळं छापलंय, मग नाव काय देऊ की सगळे ओळीनं लागतील?

तुळजापूरकर_स्कॅन

पानं वेगळी करायला दोन रस्ते आहेत, एक सोपा आणि एक चांगला.

सोपा म्हणजे टॅबवर मिहोन टाकायचं. ताचियोमी नावाचं अ‍ॅप होतं ते २०२४ च्या जानेवारीत बंद झालं, त्याच्यावरून पुढं हे तयार झालंय. प्ले स्टोअरवर नाही, त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, नावात साम्य असलेल्या नकली साइटी पुष्कळ आहेत. त्यात लोकल म्हणून सोय आहे, मिहोनच्या फोल्डरमध्ये लोकल नावाचं फोल्डर, त्यात मालिकेचं फोल्डर, त्यात सीबीझेड. वाचायच्या सेटिंगमध्ये रुंद पान दोन भागात तोडायचा पर्याय आहे, तो चालू केला की फाईल तशीच राहते आणि टॅबवर एकेक पान येतं. पण आधी वाचायची दिशा डावीकडून उजवीकडे करा. हे अ‍ॅप जपानी कॉमिक्ससाठी बनलेलं आहे, ते उजवीकडून वाचतात, तसंच ठेवलं तर उजवं पान आधी येईल आणि परत तुमचा वेताळ घोड्यावर. जास्त खटपट नको असेल तर पर्फेक्ट व्ह्यूअर किंवा सीडिस्प्लेएक्स हे पण टॅबवर सीबीझेड छान उघडतात.

चांगला रस्ता म्हणजे स्कॅनटेलर. हे खास स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर आहे. दोन पानांचा फोटो दिला की मधली शिवण ओळखून दोन पानं वेगळी करतं, तिरकं पान सरळ करतं, कडेची काळी पट्टी काढतं. मी माझ्या आजोबांच्या पोथ्या आणि दिवाळी अंक यातच काढले. पण दोन गोष्टींवर नजर ठेवा, त्या कुणी सांगत नाही. शेवटच्या आउटपुटच्या पायरीवर ते आपोआप काळं-पांढरं धरतं, तिथं कलर निवडून "सगळ्या पानांना लावा" करायचं. मी एका दिवाळी अंकाचं रंगीत कव्हर तसंच काळं करून बसलो आणि तोपर्यंत मूळ अंक परत दिला होता. दुसरं, तिथं डीपीआय (एका इंचात किती ठिपके) ६०० लिहिलेला असतो, तो ३०० करा, तुमचा स्कॅन ३०० चा असेल तर ६०० करून नवीन काही दिसत नाही, फाईल मात्र फुगते.

आणि ते पानं टिफमध्ये देतं, जेपीजीत नाही. न दाबलेलं टिफ म्हणजे किती मोठं होतं बघा, ७ बाय साडेनऊ इंचाचं पान ३०० डीपीआयला रंगीत धरलं तर जवळपास १८ एमबी. ते थोडं दाबून देतं पण तरी टॅबला झेपायचं नाही. म्हणून शेवटी इरफानव्ह्यूमध्येच सगळी टिफ जेपीजी करून घ्या, क्वालिटी ८५ ठेवली तर फुग्यातल्या अक्षरांच्या कडा साफ राहतात. ६० वर नेली की काना-मात्रांभोवती मळकट ठिपके दिसायला लागतात, इंग्रजी अक्षरात ते खपून जातं, आपल्या बारीक छापाच्या वेलांटीत खपत नाही. नावाची काळजी नको, ००१ चं डावं पान आणि उजवं पान अशी नावं ते स्वतःच देतं आणि ओळीनं लागतात. फक्त स्कॅनटेलरमध्ये टाकायच्या आधी ००१ चं काम झालेलं पाहिजे.

सगळे १४० एकदम करू नका. जे अंक वडील सारखे काढून वाचतात त्यांच्यापासून सुरू करा, बाकीचे तोवर मिहोनमध्ये तोडून वाचता येतील.

लातूरची_वाचक

नंबरचं मी सांगते. दोन फोल्डर करा सरळ, "इंद्रजाल सलग" आणि "इंद्रजाल खंड". पहिल्यात ००१ ते पुढं, दुसऱ्यात खंड दोन आकडी आणि अंक दोन आकडी, म्हणजे २०-०१, २०-०२ असं. अंकावर जे छापलंय तेच नावात ठेवा, स्वतःचा नवीन नंबर काढू नका, उद्या कुणाशी अंक ताडून बघायचा झाला तर छापील नंबरच कामाला येतो. चांदोबाला वर्ष आधी आणि महिना नंतर, महिना पण आकड्यात, नाहीतर एप्रिल-ऑक्टोबर-ऑगस्ट असं अक्षराप्रमाणं लागतं.

आणि वडिलांनी लिहिलेल्या तारखा सुद्धा कुठंतरी लिहून ठेवा. बॉलपेनची शाई उडते.

संभाजीनगर_रिपेअरवाला

एक महत्त्वाचं राहिलं. हे स्कॅन घरात वाचायला ठेवा, टेलिग्रामवर टाकू नका, कुणी कितीही मागितलं तरी. इंद्रजाल १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद झालं म्हणून ते मोकळं झालं असं नाही, हक्क कुणाचे तरी असतातच. मुलीला अजून वाचायला पाहिजे असेल तर बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासूनचे जुने अंक त्यांनी स्वतः वेबसाइटवर फुकट ठेवलेत, पीडीएफ आहेत, सुमात्रात सरळ उघडतात. मी माझ्या पोराला दर रविवारी एक उतरवून देतो, चित्रं बघत बघत आता गोष्टी पण वाचायलाय.

गोदाकाठ_परभणी

कळवायचं राहिलं होतं. पहिले अकरा अंक स्कॅनटेलरमधून काढले, कलरचं आधीच सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर मी पण काळेच केले असते. यॅकरीडरची लायब्ररी लावली. काल संध्याकाळी वडिलांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि कव्हरं दाखवली तर ते पहिलं काही उघडेचनात, नुसतं खाली-वर करत नावं वाचत होते, हा मनमाडला जाताना घेतला, हा तुझ्या मुंजीच्या वर्षीचा. मग एक उघडला, झेड दाबून भिंग दिलं. पाचेक मिनिटांत हात बसला. रात्री साडेदहाला आईनं लॅपटॉप बंद करायला लावला.

मुलीनं टॅबवर मिहोनमध्ये सात अंक संपवले आणि आता आजोबांना विचारायलीय की सातवा अंक "क्रमशः" वर संपलाय तर पुढचा कुठंय. पुढचा त्या पाण्यात गेलेल्यांपैकी आहे. वडलांनी तिला पुढची गोष्ट तोंडानं सांगितली, सगळी, संवादासकट. मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून घेतलाय.

आता एवढंच विचारायचंय, ती आवाजाची फाईल त्याच मालिकेच्या फोल्डरमध्ये त्या नंबरनं ठेवली तर यॅकरीडर किंवा मिहोन अडखळंल का?

तुळजापूरकर_स्कॅन

अडखळू नये, त्यांना ओळखू न येणाऱ्या फाईली ते सोडून देतात. पण असं करा, कोऱ्या कागदावर वडिलांच्या हातानं त्या अंकाचं नाव, नंबर आणि "पूर्णा" लिहून घ्या, तो कागद स्कॅन करा आणि त्या एका पानाची सीबीझेड करून नंबरच्या जागी ठेवा. आवाजाची फाईल शेजारी, त्याच नावानं. म्हणजे कपाटात त्या अंकाची जागा रिकामी राहणार नाही आणि मुलीला कळंल की पुढचा भाग ऐकायचाय.

गोदाकाठ_परभणी

आजच करतो. वडील पेन शोधायलेत.